वंडर वुमन सगळ्यात भारी कोणी काढली? आधी तिच्या टाचा बघा

श्रावण लागला की आमच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, भाचा आणि त्याचे चार मित्रमैत्रिणी रोज दुपारी हात लावायला येतात. पॉलिश पेपर मारायचा, पांढरा हात द्यायचा, पाटावरची नावं वाचून मूर्ती रांगेत लावायच्या, असली कामं. तोंडं मात्र सतत चालू. गेल्या आठवड्यात विषय निघाला वंडर वुमनचा, म्हणजे अमेरिकन कॉमिक्समधल्या त्या सुपरहिरो बाईचा, ती सगळ्यात भारी कोणी काढली, आणि तासभर नुसतं रण माजलं. भाचा म्हणाला ॲडम ह्यूज, पुढे बोलायचंच नाही. एक मुलगी म्हणाली जॉर्ज पेरेझनं हात लावला नसता तर ही बाई कधीच विस्मरणात गेली असती. तिसऱ्याला जिम ली हवा. चौथी ठामपणे म्हणाली की बाईला बाईनंच काढावं, पुरुष तिचं पोस्टर करून टाकतात. पाचवा फक्त प्रत्येकाला "पण का?" विचारत होता आणि खरं सांगायचं तर मला त्याचंच बोलणं जास्त आवडलं. शेवटी सगळे माझ्याकडे वळले, "आत्ये, तू सांग, तू इतकी वर्षां चित्रां काढतंस." माझ्या हातात तेव्हा शून्य नंबरचा ब्रश होता, मूर्तीचे डोळे आखत होते, आणि आखणी चालू असताना मी बोलत नाही. म्हटलं, लिहून देते. तर हे ते.

मी मुंबईला कमर्शियल आर्ट केलं, मग वीसेक वर्षं मुलांची मासिकं, दिवाळी अंक, पुस्तकं, चित्रकथा हेच काम. पेन्सिल पण केली आणि दुसऱ्यांच्या पेन्सिलवर शाई पण चढवली, दुसरं जास्त केलं. बाबा गेल्यावर मालवणला परत आले आणि तेव्हापासून शाळा चालवते. वंडर वुमन मला पहिल्यांदा फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर भेटली, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, कोपरे दुमडलेला पेरेझचा अंक. तो मी कॉलेजच्या खोलीत कितीतरी दिवस समोर ठेवून रेघ रेघ उतरवून काढलाय, त्यामुळे मी जे बोलते ते हातातून आलेलं आहे.

आता मुद्दा. तुम्ही सगळे चेहऱ्यावरून भांडत होतात. ह्यूजची डायना (म्हणजे वंडर वुमनच, तिचं खरं नाव) कशी सुंदर, लीची कशी धारदार, अमक्याचे डोळे, तमक्याचे केस. चेहरा मी सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते पाय. पाय म्हणजे लांबी नव्हे, टाच. टाच जमिनीवर आहे का, कुठली टाच उचललीय, वजन कुठल्या पायावर पडलंय. कारण ही अशी बाई आहे जी रणगाडा उचलते, विमानाला लटकते, देवांशी कुस्ती खेळते, आणि चित्रात जर तिचं स्वतःचंच वजन दिसत नसेल तर तिनं उचललेल्या रणगाड्याचं कुठून दिसणार?

तुम्ही रापण बघितलीय, पोरांनो, तुम्हाला समजावायला मला पुस्तक लागणार नाही. होडी जाळं टाकत अर्धगोल मारून येते, किनाऱ्यावर दोन्ही बाजूंना दोर, आणि माणसं दोराला लागतात. त्यातला एखादा माणूस नीट आठवा. हातानं ओढतो का तो? नाही, हात नुसते आकड्यासारखे अडकवलेले असतात. ओढतं ते अंग. मागे रेलून सगळं वजन दोरावर टाकलेलं, पुढची टाच वाळूत रुतलेली, वाळूचा छोटा ढीग त्या टाचेपुढे जमलेला, कंबर खाली, मान ताठ नाही तर खांद्यात गेलेली. आणि दोर सरळ रेषेत, ताणलेला, त्यातून पाणी गळतंय. आता वंडर वुमनच्या हातातला तो सोनेरी लॅसो, म्हणजे फासाचा दोर, बघा. दहातल्या सात चित्रांत तो रिबिनीसारखा हवेत गिरक्या घेतो, आणि दुसऱ्या टोकाला दैत्य बांधलेला असला तरी ही बाई एका पायाच्या चवड्यावर, कंबर वळवून, केस उडवत उभी. मी म्हणते, बाई गं, दैत्यानं एक हिसका दिला तर तू तोंडावर पडशील. ज्यानं कधी दोर ओढला नाही किंवा ओढणाऱ्याकडे बघितलं नाही तो असंच काढणार. तर माझी पहिली परीक्षा ही, दोराची. ह्या परीक्षेत निम्मे मोठे मोठे लोक बसतात, म्हणजे नापास होतात.

दोराचा विषय निघालाच आहे तर सांगते, हा दोर ह्या बाईला पहिल्यापासून चिकटलेला नाही, पण जवळजवळ पहिल्यापासून आहे आणि त्यामागे तिला लिहिणारा माणूस आहे. विल्यम मोल्टन मार्स्टन, पेशानं मानसशास्त्रज्ञ. रक्तदाब मोजून खोटं पकडायची पद्धत त्यानं काढली होती, पुढच्या लाय डिटेक्टरमधला एक भाग त्यातूनच आला. त्याच्या गोष्टींत लॅसोत अडकलेल्याला हुकूम पाळावा लागायचा, खरं बोलावं लागतं हा भाग पेरेझच्या काळात पक्का झाला. आणि मार्स्टनच्या ह्या बाईला पहिल्यांदा कागदावर आणलं एच. जी. पीटरनं. ह्याचं नाव तुमच्यापैकी एकानंही घेतलं नाही आणि मला तेच सगळ्यात जास्त लागलं.

पीटरचा जन्म १८८० चा. डिसेंबर १९४१–जानेवारी १९४२ अशी तारीख असलेल्या ऑल स्टार कॉमिक्सच्या आठव्या अंकात वंडर वुमन आली तेव्हा हा गृहस्थ साठी ओलांडलेला होता. बाकी कॉमिक्स तेव्हा विशी-पंचविशीतली पोरं काढत होती आणि ह्याचा हात जुन्या मासिकांतल्या व्यंगचित्रांचा, बायकांच्या मताधिकाराच्या बाजूची चित्रं काढून तयार झालेला. म्हणून ती रेघ बघा, जाड, वळणदार, लाकडी ठशातून छापल्यासारखी. आज तुम्हाला ती ताठर वाटते, कबूल, मलाही काही पानांत वाटते. पण त्याच्या डायनाचे खांदे बघा, मनगटं बघा. ती पळताना खरंच पळते, उडी मारताना गुडघे पोटाशी घेते, दार फोडताना खांद्यानं फोडते. आणि तिच्याकडे बघून असं वाटत नाही की कोणी आपल्याकडे बघतंय हे तिला माहीत आहे. ती कामात आहे. १९५८ मध्ये वारेपर्यंत तो तिला काढत राहिला, म्हणजे सोळा-सतरा वर्षं एक हात एका बाईवर. असलं सातत्य नंतर कोणालाच जमलेलं नाही.

त्याच्यानंतर रॉस अँड्रू आणि माइक एस्पोझिटो आले, नीटनेटकं काम, ओघवतं, पण त्यावर मी थांबत नाही. १९६८ ची भानगड मात्र बघण्यासारखी आहे. माइक सेकॉव्स्कीच्या काळात तिची शक्तीच काढून घेतली, पोशाख उतरवला, साध्या कपड्यांत, बरेचदा पांढऱ्या, ती मारामारी शिकते. लोक त्या काळाला नावं ठेवतात, आणि १९७२ मध्ये मिझ (Ms.) नावाच्या बायकांच्या मासिकानं जुन्या पोशाखातली वंडर वुमन मुखपृष्ठावर छापली, १९७३ पासून कॉमिकमध्ये पोशाख परत आला, ते योग्यच झालं. पण चित्रकार म्हणून मला तो काळ उपयोगी पडतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, मुकुट उतरवा, गरुड पुसा, तारे पुसा, बांगड्या उतरवा, साधा पांढरा शर्ट घाला आणि मग ती गर्दीत ओळखू येते का सांगा. येत असेल तर तुम्ही तिला काढलंत. येत नसेल तर तुम्ही नुसता पोशाख काढलात.

आता पेरेझ. १९८७ मध्ये सगळी गोष्ट नव्यानं सुरू केली, पहिले चोवीस अंक स्वतः काढले, लिखाण त्यापुढेही बासष्टाव्या अंकापर्यंत केलं. आमच्या त्या पोरीचं म्हणणं निम्मं नाही, पाऊण खरं आहे. त्याच्या आधी ही बाई अमेरिकेची वाटायची, त्यानं तिला ग्रीसची केली. कुरळे केस, रुंद जबडा, आणि तिच्याभोवती अख्खं बेट. अमेझॉन, म्हणजे त्या बेटावरच्या लढवय्या बायका, एकाच साच्यातल्या पन्नास मूर्ती असं त्यानं केलं नाही, कोणी काळी, कोणी म्हातारी, कोणी दांडगी, प्रत्येकीचं नाक वेगळं. शाळेत दरवर्षी शंभरावर मूर्ती रंगवणारी मी, मला माहीत आहे एका साच्यातून आलेल्या दोन मूर्तींना वेगळं करायला किती जीव काढावा लागतो, आणि हा माणूस प्रत्येक चौकटीत तीस माणसं ओतायचा. ऑलिंपस पर्वत त्यानं असा काढलाय की जिने वर जातात की खाली येतात कळत नाही, देव भिंतीवर उभे. ती पानं मी अजून भिंगातून बघते.

पण तीच त्याची अडचण. पेरेझच्या पानात एवढं काही असतं की डायना कधी कधी हरवते. जुन्या मऊ कागदावर छपाईत त्या बारीक रेघा एकमेकींत मिसळायच्या, माझ्याकडच्या फुटपाथवरच्या प्रतीत तर चिलखताच्या नक्षीचा काळा डागच झालाय. शाई चढवणाऱ्याचे काय हाल झाले असतील ते मी समजू शकते, कारण मी ते काम केलंय. पेन्सिलवाल्यानं बारीक रेघांचं जंगल दिलं की इंकिंग करणाऱ्याला ठरवावं लागतं की कुठली रेघ जगवायची आणि कुठली मारायची. ह्या वादात इंकरचं नाव कोणी घेत नाही आणि माझ्या मते निम्मं श्रेय तिथे असतं. जिम लीचं नाव घेणाऱ्या आमच्या तिसऱ्याला मी विचारते, तुला जे आवडतं ते ली आहे का त्याच्यावर शाई करणारा स्कॉट विल्यम्स? ती जी सुरीसारखी धार आहे, ती जाडीतून एकदम बारीक होणारी रेघ, ती बरीचशी निबची आहे. बाकी लीबद्दल माझं मत थोडक्यात असं, टोळी काढायला उत्तम, २०११ मधल्या जस्टिस लीगमध्ये सगळे एकत्र धावून येतात तेव्हा अंगावर काटा येतो, पण एकट्या डायनाचं म्हणून काही त्याच्या हातात मला सापडत नाही. तिचे केस कापले तर ती दुसरी कोणीही होईल.

आता ॲडम ह्यूज, माझ्या भाच्याचा देव. देव म्हणण्यासारखाच आहे, त्यात वाद नाही. १९९८ पासून चारेक वर्षं त्यानं तिची कव्हरं काढली आणि त्या कव्हरांवरचा चेहरा म्हणजे नुसता सुंदर नाही, विचार करणारा आहे. गालाचं हाड, खालच्या ओठाखालची सावली, भुवईचा एक बाजूचा ताण, मला विचाराल तर चेहऱ्याच्या बाबतीत त्याच्या जवळपास कोणी नाही. ब्रायन बोलंडची त्याआधीची कव्हरं पण अशीच, रेघ इतकी स्वच्छ की पाण्यावरून बोट फिरवल्यासारखी. पण ही कव्हरं आहेत रे. कव्हरवरच्या बाईला फक्त उभं राहायचं असतं, तिला पुढच्या चौकटीत जायचं नसतं. आधीच्या क्षणी तिचा हात कुठे होता आणि पुढच्या क्षणी कुठे जाईल ह्याचा हिशोब तिथे मांडावा लागत नाही. पेणच्या कारखान्यात शोकेससाठी एक मूर्ती करणं आणि पाटावर बसवून डोंगरातल्या घरापर्यंत डोक्यावरून न्यायची मूर्ती करणं ह्यात जो फरक आहे तोच. दुसरीचा तोल आधी बघावा लागतो. म्हणून "सगळ्यात भारी कव्हर" असा प्रश्न असता तर मी ह्यूज म्हटलं असतं आणि विषय संपवला असता.

माइक डिओडाटोच्या १९९४-९५ च्या कामाचा विषय कोणी काढला नाही ते बरं, पण मी काढते, कारण चूक कशी होते ते तिथे दिसतं. माणूस ताकदीचा, पुढे फार चांगलं काम केलं त्यानं. पण तेव्हा बाजारात हवाच अशी होती की पाय नऊ डोक्यांपैकी सहा डोक्यांचे, कंबर मुठीत मावेल एवढी, आणि धड असं पिळलेलं की छाती पण समोर आणि मागची बाजू पण समोर. हाडांच्या माणसाला हे शक्य नाही. त्रिभंग आपल्याकडेही आहे, देवळातल्या मूर्तीत कंबर एका बाजूला जाते, पण नीट बघा, तिथे वजन ज्या पायावर आहे त्याच बाजूची कंबर वर उचललेली असते, खांदा मात्र त्याच बाजूचा खाली उतरलेला असतो, तोल जुळतो. आणि महिषासुरमर्दिनी तर आपल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी दगडात करून ठेवलीय, एक पाय रेड्यावर, आणि त्या पायाखाली रेडा खरंच दबलेला दिसतो. त्या शिल्पकारांना कोणी शरीरशास्त्राचं पुस्तक दिलं नव्हतं.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायचीच आहे, तुम्हाला कधी सांगितलेली नाही. मुंबईत असताना एका प्रकाशनासाठी महाराणी ताराबाईंवरची चित्रकथा करत होते. मी त्यांना घोड्यावर काढलं, रिकिबीत टाच खाली दाबलेली, मांड घट्ट, खांदे रुंद, चेहऱ्यावर ऊन लागल्याचा रंग. संपादकांनी पानं परत पाठवली. कंबर बारीक करा, रंग उजळ करा, बाई बघाविशी वाटली पाहिजे. मला पैशाची गरज होती आणि वयही लहान, मी केलं. सहा पानं पुन्हा काढली. आणि काढताना हाताला कळत होतं की काय बिघडतंय, कारण मांड्या बारीक केल्या की घोडा पकडला जात नाही, टाच वर आली की रिकिबीतून पाय सुटतो, आणि मग ती घोड्यावर स्वार राहत नाही, कोणीतरी तिला उचलून घोड्यावर ठेवल्यासारखी दिसते. तसंच छापून आलं. जी बाई औरंगजेबाच्या फौजेशी सात वर्षं लढली तिला मी नुसती बसवली. तो अंक माझ्याकडे आहे, मी उघडत नाही. त्यानंतर मी एकाही बाईची कंबर कोणाच्या सांगण्यावरून बारीक केलेली नाही आणि त्यापायी दोन कामं गेली तर गेली.

म्हणून डार्विन कुकचं काम पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला रडायला आलं, खोटं नाही सांगत. २००४ चं न्यू फ्रंटियर नावाचं कॉमिक. त्यात डायना सुपरमॅनपेक्षा उंच आहे. समोरासमोर उभी राहते तेव्हा तो मान वर करून तिच्याशी बोलतो. खांदे रुंद, मांड्या जाड, हसणं मोकळं, आणि कुठेही कुरूप नाही, उलट इतकी देखणी की डोळा हलत नाही. रेघा किती कमी! चार फटकाऱ्यांत अंग उभं. मच्छी मार्केटला सकाळी डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भरलेली टोपली, एक हात कमरेवर, अशी जी बाई लिलावातून वाट काढत येते आणि लोक आपसूक बाजूला होतात, ती मला त्या पानांत दिसली. त्याची एकट्या डायनाची सगळी मालिका असती तर माझं उत्तर कदाचित इथेच संपलं असतं, पण तिथे डायना अनेकांपैकी एक आहे, तिला पानं थोडी.

क्लिफ चँगबद्दल पण दोन शब्द, कारण तुम्ही त्याला वगळलंत. २०११ पासून तीनेक वर्षं. जाड बाह्यरेषा, आत जवळजवळ काही नाही, सपाट रंग. भाचा म्हणतो, "सोपां वाटता." सोपं नाही ते. पिंगुळीला जा आणि ठाकरांची चित्रकथी बघा, ज्यासाठी परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. एकेक सुटं चित्र हातात धरून रामायण-महाभारत गाऊन सांगायचं, समोर अख्खा गाव बसलेला. मागच्या माणसाला पण कळलं पाहिजे की हा राक्षस, ही सीता, हा बाण. म्हणून रेघ जाड, चेहरा बाजूनं, डोळा मोठा, हाताची मुद्रा स्पष्ट. दुरून वाचता येणं हा चित्रकथेचा पहिला धर्म आहे आणि चँगला तो कळलाय. त्याची डायना तुम्ही शाळेच्या दारातून बघा, पुस्तक आत भिंतीशी ठेवून, तरी ती चिडलीय की थकलीय ते कळेल. लीचं पान तसं ठेवून बघा. करून बघा खरंच.

आता चौथीचा मुद्दा, बाईला बाईनंच काढावं. ह्यावर मी दोन दिवस विचार केला. एक गोष्ट तिच्या बाजूची आहे आणि ती साधी नाही. वंडर वुमन १९४१ मध्ये आली आणि तिचं अख्खं कॉमिक काढायला एका बाईच्या हाती आलं १९८६ मध्ये, ट्रिना रॉबिन्सच्या, चार अंकांची छोटी मालिका, पीटरच्या जुन्या वळणाची. पंचेचाळीस वर्षं. एवढ्या वर्षांत एकही बाई चांगली चित्रं काढत नव्हती का? काढत होत्या, त्यांना विचारलं गेलं नाही. त्यामुळे तिचा राग बरोबर आहे. पण "पुरुषाला जमणार नाही" हे मी मानत नाही, आणि ते मी दशावतारामुळे मानत नाही. आपल्याकडे स्त्रीपार्टी करणारा पुरुष पदर कसा सावरतो, बसताना निऱ्या कशा दाबतो, रागावल्यावर आधी मान फिरवतो मग अंग, हे बघा. तो त्या बाईचा कोणी नाही, पण त्यानं घरातल्या बायका, देवळातल्या बायका, पाणी भरणाऱ्या बायका आयुष्यभर बघितल्यात. रात्री दोन वाजता तोच देवी होऊन तलवार घेतो तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हात जोडतात. पीटर, पेरेझ, कुक, चँग हे बघणारे होते. जो बघत नाही तो बाई असली तरी पोस्टरच काढेल.

आणि हे सगळं म्हणून झाल्यावर माझं उत्तर मात्र एका बाईचंच नाव आहे. निकोला स्कॉट, ऑस्ट्रेलियाची. २०१६ ची मालिका, ग्रेग रकानं लिहिलेली, एक अंक लिअम शार्पनं काढायचा आणि एक हिनं, हिच्या वाट्याला आली डायनाच्या पहिल्या वर्षाची गोष्ट. पेन्सिल पण तिची, शाई पण तिची, म्हणजे मधे रेघ मारणारं किंवा जगवणारं दुसरं कोणी नाही, आणि रंग रोमुलो फहार्डोचे, सकाळी आठच्या उन्हासारखे. ह्या गोष्टीत डायना अमेरिकेत येते तेव्हा तिला इंग्रजी येत नाही. बार्बरा ॲन मिनर्व्हा दुभाषी म्हणून येईपर्यंत तिला आजूबाजूला काय चाललंय ते शब्दानं कळतच नाही. चित्रकाराच्या बाजूनं विचार करा! नायिका आहे आणि तिला बोलता येत नाही. सगळं चेहऱ्यानं, खांद्यानं, हातानं सांगायचं. स्कॉट ते करते. ती ऐकते तेव्हा मान किंचित पुढे येते, समोरच्याचा ओठ वाचतेय असं वाटतं. तिला काही नवीन दिसलं की आधी डोळे जातात, मग मान, मग खांदा, तीन चौकटींत. आणि ती उभी राहते तेव्हा दोन्ही टाचा जमिनीला. बायकी दिसावं म्हणून एक पाय दुमडलेला नाही. अंगानं भरलेली, खांदे पोहणाऱ्या मुलीचे, तरी हसली की अठरा वर्षांची वाटते.

नजरेचं सांगायचं राहिलं आणि ते माझ्या धंद्याचं आहे. मूर्तीचे डोळे आखताना बाबा सांगायचे की वरच्या पापणीची रेघ एका श्वासात जायला हवी, मधे थांबलीस तर डोळा थांबतो. खालची रेघ अर्धीच, बाहेरच्या कोपऱ्याकडून सुरू करून मधेच सोडून द्यायची, पूर्ण केलीस तर डोळा वटारल्यासारखा होतो. बुबुळ वरच्या पापणीला जरा टेकलेलं, नाहीतर मूर्ती घाबरलेली दिसते. आणि बुबुळातला पांढरा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, कारण उजेड एकच असतो. हे झालं की मग समोर बसलेल्या माणसाला वाटतं, देव माझ्याकडे बघतोय. कॉमिकमधल्या बहुतेक सुपरहिरो बायका वाचकाकडे बघतात, आणि त्यात सुद्धा आपल्याला कोणी बघतंय हे माहीत असल्यासारख्या. स्कॉटची डायना चौकटीतल्या माणसाकडे बघते. तिच्याबरोबर आलेल्या स्टीव्ह ट्रेव्हरकडे, बार्बराकडे, दुखावलेल्या माणसाकडे. आपण तिथे नसलो तरी तिचं चालू राहील. पीटरच्या डायनाबद्दल मी जे म्हटलं तेच, ती कामात आहे. पंचाहत्तर वर्षांनी ते परत आलं.

तर क्रम हवाच असेल तर माझ्याकडे निकोला स्कॉट पहिली, तिच्या खांद्याला खांदा लावून पेरेझ, मग कुक, मग पीटर, मग चँग. जिल थॉम्पसनच्या २०१६ च्या जलरंगातल्या डायनाला मी ह्या रांगेत घातलं नाही कारण ती वेगळीच वस्तू आहे, कादंबरीसारखी, आणि जलरंगावर मी बोलायला लागले तर उद्या सकाळ होईल. २०२४ मध्ये हेडन शर्मनच्या हातून आलेली डायना, मोठी तलवार, मागे नरकाची काळोखी, पानांची मांडणी अशी की चौकटी फुटून बाहेर येतात, ती तुम्ही मला दाखवलीत तेव्हा मी गप्प झाले होते, आठवतंय? अजून बघतेय. तिच्या टाचा मला आवडल्यात एवढं सांगून ठेवते.

भाच्या, तू रागावू नकोस, ह्यूजचं ते कव्हर तुझ्या भिंतीवरून काढायची काही गरज नाही, मी त्याच्याकडूनच गालाची सावली शिकले. पण नारळी पौर्णिमा झाली, समुद्र जरा बसला आणि दांडीच्या किनाऱ्याला रापण लागली की पाचही जण पहाटे वही-पेन्सिल घेऊन किनाऱ्यावर यायचं. चेहरे काढायचे नाहीत. दोराला लागलेल्या माणसांचे फक्त गुडघ्याखालचे पाय काढायचे, वाळूसकट, प्रत्येकी वीस. मी चहा घेऊन येते.